फुल मॅरेथॉनची तयारी आणि देवपूरच्या मावशींची मेस

धुळ्यात राहून लांब पळायची प्रॅक्टिस करताय आणि स्वतः स्वयंपाक करायला वेळ नाही, असं असेल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी आहे. मोठा झालाय, पण कामाचा आहे. शूजवर लिहितात, घड्याळांवर लिहितात, जेवणावर कुणी लिहीत नाही. आणि खरं सांगायचं तर ४२.१९५ किलोमीटरच्या तयारीत शूज दिवसातून दीड-दोन तास लागतात, जेवण मात्र दिवसातून तीन-चार वेळा लागतं आणि रोज लागतं. मी देवपूरला भाड्याच्या खोलीत राहते, बँकेत नोकरी, खोलीत एक शेगडी, तिच्यावर चहा आणि मॅगीच्या पुढे काही होत नाही. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन करायची आहे, तयारी पावसाळ्यात सुरू केली आणि तेव्हापासून मावशींचा डबा खातेय. मेसला बोर्ड नाही, घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं आणि मागे स्वयंपाकघर, सगळे 'मावशींची मेस' एवढंच म्हणतात.

आधी वेळेचं बोलते, कारण सगळं गाडं तिथेच अडतं. मेस म्हटलं की दुपारी बारा ते दोन आणि रात्री आठ ते दहा हे ठरलेलं. पळणाऱ्या माणसाचा दिवस तसा चालतच नाही. साडेचारला उठायचं, पाचला रस्त्यावर, सात-सव्वासातला परत, अंघोळ, पावणेदहाला बँक, आणि रात्री साडेनऊला झोपलंच पाहिजे नाहीतर दुसऱ्या दिवशी पाय उचलत नाहीत. म्हणजे रात्रीचं जेवण सातच्या आत हवं आणि सकाळी पळून आल्यावर लगेच काहीतरी खरंखुरं खायला हवं, बिस्किटं नाही. आधीच्या दोन ठिकाणी मी हे विचारलं तर 'एकासाठी वेगळी वेळ जमणार नाही' असं तोंडावर सांगितलं, त्यांचंही बरोबर असेल, पण माझं काम झालं नाही. मावशींकडे गेले तर त्यांनी पैशांचं नंतर काढलं, आधी विचारलं, तू उठते किती वाजता आणि येते किती वाजता. मग म्हणाल्या, भरतीच्या पोरांसाठी मी तशीपण सहाला चूल पेटवते, तुझा डबा साडेसातला तयार राहील. तेव्हापासून तो साडेसातलाच तयार असतो, आणि संध्याकाळी माझं ताट पावणेसातला वाढलेलं असतं, बाकीच्यांच्या आधी.

ही भरतीची पोरं म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणारी. धुळ्यात पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, राज्य राखीव दलाचा गट क्रमांक ६ आहे, त्यामुळे सकाळी कुठल्याही मोकळ्या रस्त्यावर बघा, पोरं पळताना दिसणारच. आजूबाजूच्या खेड्यांतून येतात, शिरपूर, साक्री, शिंदखेडा, तिकडे नंदुरबारकडचेही असतात. त्यांचं सगळं १६०० मीटरवर, मुलींचं ८०० मीटरवर, त्याला २० गुण असतात आणि तिथे एकेक सेकंद मोजतात, त्यामुळे ती रोज जीव तोडून पळतात. मी गोंदूर रोडला निवांत जात असले की 'ताई, एवढं हळू का?' म्हणून विचारायचे. मग जेवताना मी त्यांना समजावलं की लांबच्या पळण्यात आठवड्यातलं बहुतेक पळणं हे गप्पा मारता येतील इतक्या हळूच करायचं असतं, दम लागला म्हणजे स्पीड जास्त झाला. आता त्यांच्यातले दोघं-तिघं रविवारी माझ्याबरोबर पहिले दहा किलोमीटर येतात. मेसचा हा फायदा पैशात मोजता येत नाही, चारही टेबलांवर पळणारीच माणसं बसलेली असतात आणि कुणी 'कशाला एवढं पळता' असं विचारत नाही. मावशी उलट रोज विचारतात, 'काय वं माय, आज कितलं पयनी?', म्हणजे आज किती पळालीस, आणि आकडा ऐकून भाकरी वाढतात.

आता जेवण. मावशींची कळण्याची भाकरी ही या मेसची सगळ्यात भारी गोष्ट, आणि पळणाऱ्यांसाठी तर फारच. बाहेरच्या वाचकांना माहीत नसेल तर सांगते, ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून आणतात, त्यातच मीठ घालतात, त्या पिठाला आमच्याकडे कळणा म्हणतात. मावशी साधारण चार वाटी ज्वारीला एक वाटी उडीद घेतात. पीठ चिकट असतं, थापताना हाताला धरतं म्हणून त्या परातीच्या कडेला पाण्याची वाटी ठेवतात आणि दर दोन-तीन थापांना बोटं बुडवतात. भाकरी जरा जाडच, तव्यावर पाणी फिरवून उलटतात आणि मग विस्तवावर फुगवतात, फुगली की पापुद्रा सुटतो आणि मध्ये ठेच्याचा गोळा आणि वरून शेंगदाण्याचं कच्चं तेल. ज्वारीत शंभर ग्रॅमला साधारण १० ग्रॅम प्रोटीन असतं, उडदात २३-२४. ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं आणि डाळींत ते भरपूर असतं, म्हणजे दोन्ही एकत्र दळलं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आपल्या आज्यांनी हे कुठल्याही पुस्तकाशिवाय ठरवून ठेवलंय आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

सकाळच्या डब्यात कळण्याच्या भाकरीचा नंबर मात्र रोज नसतो. साध्या सहा-आठ किलोमीटरच्या दिवशी भाकरी, दही आणि रात्रीची उसळ असते. ज्या दिवशी जोरात पळणं असतं, म्हणजे इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं हळू, असं आलटून पालटून) किंवा टेम्पो (बराच वेळ सलग जोरात), त्या दिवशी मी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवते आणि मावशी पोह्यांचा किंवा उपम्याचा मोठा डबा देतात, सोबत दही आणि केळं. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे कार्बोहायड्रेटचा साठा, स्नायू आणि यकृत मिळून, साधारण ४०० ते ५०० ग्रॅमच असतं आणि जोरात पळण्यात ते भराभर खर्च होतं, पळून आल्यावर पहिल्या तास-दोन तासांत कार्बोहायड्रेट पोटात गेलं तर ते लवकर भरून निघतं. दुपारी बँकेत काउंटरवर डोळे मिटायला लागायचे ते या सकाळच्या डब्याने बंद झालं. रनिंगच्या नादाला लागलेल्या नव्या लोकांना मी हेच सांगते की वजन कमी करायच्या नादात पळून आल्यावर उपाशी राहू नका.

प्रोटीनचं गणित जरा खेचून बसवावं लागलं. लांब पळणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रोटीन लागतं आणि कुठल्याही मेसच्या ताटात, एक पातळ वरण आणि एक बटाट्याची भाजी, एवढ्यात ते होत नाही. मी मावशींना सांगितलं की मला भाजी अर्धी दिली तरी चालेल पण डाळीची वाटी दोनदा द्या. त्यांनी लगेच मान्य केलं आणि वर बुधवारी फुणके सुरू केले. फुणके म्हणजे भिजवलेल्या डाळी, तुरीची जास्त, जाडसर वाटून त्यात कांदा, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर घालून मुटके करून वाफवायचे, आणि गरम कढीत कुस्करून खायचे. तेल जवळजवळ नाही, प्रोटीन भरपूर, आणि कढीमुळे घशाखाली सहज उतरतात. माझं माहेर यावलकडचं, फुणके आमच्याकडे लहानपणापासूनचे, पण ट्रेनिंगच्या दृष्टीने त्यांच्याकडे मी कधी बघितलं नव्हतं. बुधवारी सकाळी इंटरव्हल आणि रात्री फुणके-कढी हे आता ठरून गेलंय आणि गुरुवारी पाय खरंच मोकळे असतात. अडीच-तीन हजारांचा पावडरचा डबा घ्यायची गरज मला अजून तरी पडलेली नाही.

शनिवार हा खरा परीक्षेचा दिवस. धुळ्यात शनिवारी रात्री शेवभाजी नसेल तर पोरं ताटावरून उठतील. आणि मावशींची शेवभाजी आहेच तशी, कांदा-खोबरं काळपट होईपर्यंत भाजून केलेला मसाला, जाड तिखट शेव, वर लाल तर्री. पण रविवारी सकाळी २८-३० किलोमीटर पळायचं असेल तर आदल्या रात्री ते तेल आणि ते तिखट पोटात नको, पळताना पोट ढवळतं आणि नकाण्याच्या रस्त्याला काही सोय नाही. लाँग रनच्या आदल्या दिवशी तेल, तिखट आणि चोथा असलेलं खाणं कमी करायचं आणि साधं कार्बोहायड्रेट वाढवायचं हा सगळीकडचा नियम आहे. मावशी शनिवारी माझ्यासाठी वेगळं करतात, मऊ भात, मुगाचं वरण, तूप, बटाट्याची बिनतिखटाची भाजी आणि दोन पोळ्या, भाकरी नाही. वीस-पंचवीस जणांच्या स्वयंपाकात एका माणसासाठी वेगळं पातेलं चढवणं हे किती काम आहे हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. शेवभाजीची वाटी माझ्यासाठी झाकून ठेवतात, ती मला रविवारी दुपारी मिळते आणि तेव्हा मी ती पूर्ण संपवते.

लाँग रनला बरोबर न्यायचं खाणंही त्यांच्याकडूनच येतं. तासाभरापेक्षा जास्त पळायचं तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट घेत राहावं लागतं, नाहीतर तीस किलोमीटरच्या पुढे शरीर बसतं. एनर्जी जेल, म्हणजे पळताना चोखायची साखरेच्या घट्ट पाकासारखी पाकिटं, महाग पडतात, दर रविवारी तीन-चार फोडायचे तर खिशाला परवडत नाही, आणि इथे दुकानात सहज मिळतही नाहीत. मावशींनी सुरुवातीला शेंगदाण्याचे लाडू दिले, पळून आल्यावर ते अप्रतिम, पण पळताना स्निग्ध पदार्थ पचायला वेळ लागतो. मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं, लिंबाएवढे बटाटे उकडून, सोलून, मीठ चोळून छोट्या पिशवीत, आणि बी काढलेला खजूर. मीठ लावलेला बटाटा २० किलोमीटरनंतर जो लागतो ना, गोड खाऊन तोंड चिकट झालेलं असतं तेव्हा तो अमृत वाटतो. केळी तर आपल्याकडची आहेतच, रावेर-यावल पट्ट्यातली, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. एका मध्यम केळ्यात साधारण २७ ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे एका जेलएवढं, आणि किंमत तर तुम्हाला माहीतच आहे. फक्त पळायच्या बेल्टमध्ये ते चेपतं, म्हणून मी एक घरून निघताना खाते आणि एक वाटेत ओळखीच्या टपरीवर ठेवून जाते.

ऑक्टोबरमध्ये पाणी आणि मिठाचा प्रश्न येतो. खान्देशात ऑक्टोबरचं ऊन पाऊस संपल्या संपल्या अंगावर येतं, सात वाजले की लळिंगच्या बाजूचा रस्ता तापायला लागतो, सावली नाही, आणि कोरड्या हवेत घाम लगेच वाळत असल्याने किती गेला ते कळतही नाही. टी-शर्टवर आणि टोपीच्या पट्टीवर पांढरे डाग दिसले की समजायचं, मीठ गेलं. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस स्पीड सोडून द्यायचा. मी ओआरएसचं पाकीट नेते, आणि पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा, हे सोपं प्रमाण. मिठाचं प्रमाण वाढवायचं नाही. परत आल्यावर मावशींचं ताक, जिरं आणि मीठ घातलेलं, पितळी तांब्यात, आणि हे ताक त्या मोजत नाहीत. मुंबईची हवा दमट, तिथे घाम वाळणार नाही, तिथलं गणित वेगळं असेल, पण मिठाची सवय इथेच लागली हे बरं झालं.

बाईमाणसांसाठी एक वेगळं सांगते. पळणाऱ्या बायकांमध्ये लोह कमी पडणं खूप कॉमन आहे, पाळीत जातं, थोडं घामात जातं, आणि सततच्या पाऊल आपटण्यानेही रक्तातल्या काही तांबड्या पेशी फुटतात. धाप लागते, पाय जड होतात आणि आपण समजतो की ट्रेनिंग कमी पडतंय. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) तपासून घ्या, गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. जेवणात मेथी, बाजरी, कडधान्यं असली तरी जेवल्याबरोबर चहा घेतला तर त्यातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही, आणि लिंबू पिळलं तर जास्त लागतं. हे मी मावशींना सांगितल्यापासून प्रत्येक ताटात लिंबाची फोड असते, सगळ्यांच्याच, आणि जेवणानंतरचा चहा त्या मला देत नाहीत, मागितला तरी तासाभराने ये म्हणतात. भरतीच्या मुलींनाही तोच नियम.

थंडी सुरू झाली की मेन्यू बदलतो. धुळ्याचा पारा डिसेंबरात ५-६ अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा पहाटे पळायला मजा येते आणि भूक दुप्पट लागते. मग वांग्याचं भरीत. भरिताची हिरवी-पांढरी मोठी वांगी जळगावकडून येतात, मावशी ती अंगणात कापसाच्या काड्यांवर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात, हिरवी मिरची-लसूण भाजून त्यातच, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. मी यावलकडची असल्याने भरिताच्या बाबतीत कडक आहे, आणि तरी सांगते, हे भरीत आमच्याकडच्या शेतातल्या भरिताच्या तोडीचं आहे. गुरुवारी दाल-बट्टी असते, बट्ट्या वाफवून कापून तळलेल्या, सोबत घोटलेलं वरण आणि वांग्याची भाजी. चव उत्तम, पण शुक्रवारी सकाळी पळायचं असेल तर दोनच खा.

आता काय आवडलं नाही ते. तेल जास्त आहे. माझ्या सांगण्यावरून माझ्या वाटीत कमी करतात पण रोजच्या भाजीवरच तर्री असते आणि ज्यांना वजन उतरवायचंय त्यांना ते नडेल. घरपोच डबा दुपारचा वेळेवर येतो, संध्याकाळचा मात्र अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणणारा मुलगा कॉलेजहून येऊन डबे वाटतो, त्यामुळे वेळ पाळायची असेल तर स्वतः जाऊन जेवा. डब्याचं खालचं खण कधीकधी गळतं, बॅगेत प्लॅस्टिकची पिशवी ठेवा. मेस पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, मी माझी अंडी खोलीवर उकडते. नवरात्रात बऱ्याच जणांचे उपवास असल्याने साबुदाणा आणि भगर जास्त असते, डाळ कमी, तेव्हा त्या आठवड्यात मी शेंगदाण्याची आमटी आणि दही वाढवून घेते, आणि एकवीरा देवीच्या बाजूला पहाटेपासून गर्दी असते म्हणून पळायचा रस्ताही बदलते.

दोन्ही वेळचं जेवण महिन्याला तीन हजार, सकाळच्या डब्याचे सहाशे वेगळे, भाकऱ्या मोजत नाहीत, भात मोजत नाहीत. सुट्टी आदल्या दिवशी सांगितली तर पैसे वळते करतात, त्याच सकाळी सांगितलं तर नाही. नवीन जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी आपला आठवडा सांगून टाका, कुठल्या दिवशी जोरात, कुठल्या दिवशी लांब, कुठल्या दिवशी आराम, त्या स्वयंपाकघराच्या दाराला लावलेल्या कॅलेंडरवर लिहून घेतात. माझ्या रविवारांवर किलोमीटरचे आकडे त्यांच्या अक्षरात आहेत, जानेवारीपर्यंतचे. मी मुंबईला जायच्या आधीचे दोन दिवस काय खायचं हेही आमचं ठरलंय, भात, पोळी-गूळ, बटाटा, केळी, फुणके नाहीत, आणि बरोबर न्यायला बटाट्यांची पिशवी. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेवढं लक्षात ठेवा, दुपारी जास्तीच्या दोन भाकऱ्या आणि ठेचा मागून घेतला तर देतात.